हळद गेली कुठं?

मोबाइल खिशात ठेवा. मान वर करा. आज नवा धडा नाही, आज ऐकून घ्यायचं आहे.

काल संध्याकाळी एक माणूस माझ्याकडे आला होता. तेल्हाऱ्याजवळच्याच गावचा, कोरडवाहू कापूस करणारा. काखेत लेकीच्या लग्नाचा अल्बम. तुळशीचं लग्न लागल्याबरोबर पहिल्या मुहूर्तावर लग्न झालं, पहिल्या वेच्याचा कापूस विकून त्याने फोटो काढणाऱ्या तुमच्यापैकी दोघांचे पैसे चुकते केले. त्याने अल्बम टेबलावर उघडला, हळदीच्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "सर, हळद तं लावली व्हती ना जी आमी?"

भांडायला आला नव्हता तो. आवाजही चढवला नाही. मुलीच्या गालांवर, हातांवर पिवळं काही दिसत नव्हतं, नुसता फिकट, निळसर लेप दिसत होता. आपण पाहिलं ते खरं की अल्बमात आहे ते खरं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी त्या दोघांना बोलावलं आणि पान दाखवलं. एकाने पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "कॅमेरा ऑटोवर होता सर."

पोट्टेहो, मला राग आला तो या उत्तराचा. फोटो बिघडतो, शिकणाऱ्याचा जास्त बिघडतो, त्याबद्दल मी या वर्गात कधी कोणाला बोललो नाही. पण तिफण वाकडी गेली म्हणून बैलांकडे बोट दाखवणाऱ्या पोराला तुमचा बाप वावरात उभा करील काय? पैसे तुम्ही घेतले. मांडवात तुम्ही उभे होतात. कॅमेऱ्याने पैसे घेतले नाहीत, आणि हळद म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हाला ते जन्मापासून माहीत आहे. तरी निर्णय त्याच्यावर सोडलात आणि वर त्याचंच नाव पुढे केलंत.

आता त्या मांडवात काय घडलं ते नीट ऐका. 'ऑटो'वर असलेला व्हाइट बॅलन्स एकच काम करतो. चौकटीत एखादा रंग जास्त दिसला की त्याला वाटतं, हा उजेडाचा दोष आहे, आणि तो रंग तो कापतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा पिवळा दिसू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे. पण हळदीच्या वेळी चौकटीत काय असतं? हळदीची ताटली, हळदीने माखलेले हात, पिवळी साडी, पिवळे ब्लाउज, झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याला वाटलं, उजेडच पिवळा आहे. त्याने पिवळं कापून त्यात निळं घातलं. त्यात तुमच्या मांडवाचं कापड लाल. दुपारचं ऊन त्या कापडातून गाळून खाली आलं, त्यामुळे प्रत्येक फोटोत चौकट जराशी हलली की यंत्राचा अंदाज बदलला. एकाच पानावरच्या चार फोटोंत मुलगी चार रंगांची आहे. अल्बम करताना हे तुमच्या डोळ्यांना दिसलं नाही?

करायचं काय होतं? मांडवात शिरल्यावर एक पांढरा कागद त्या उजेडात धरायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स बांधून टाकायचा. नाहीतर केल्विनचा आकडा हाताने लावायचा. उघड्या उन्हात ५५०० च्या आसपास, सावलीत ७००० कडे, जुन्या पिवळ्या बल्बखाली २८०० ते ३०००. दोन फोटो काढून पाहायचे, डोळ्याला दिसतं तसं येईपर्यंत आकडा सरकवायचा आणि मग उजेड बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सगळं मिळून एक मिनिट लागतं. तेवढा वेळ तुमच्याकडे नव्हता. मात्र स्वतःचे स्टेटस टाकायला वेळ होता, ते मी पाहिले आहेत.

आणि फाइल फक्त जेपीईजी. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, घेतली असती तर आज घरी बसून हळद परत आणता आली असती. काल रात्री मी ते फोटो संगणकावर घेऊन बसलो. पिवळं ओढलं की मांडवाचं लाल भडकतं, लाल दाबलं की मुलीचे ओठ मरतात. कार्ड वाचवायला रॉ बंद ठेवली, असं मला सांगण्यात आलं. कोणाच्या लेकीचा दिवस कार्डातल्या जागेपेक्षा स्वस्त झाला, हे त्या दोघांनी त्या बापाच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. ती पानं जमतील तेवढी दुरुस्त करून, स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून द्यायची आहेत. उद्याच. मी सोबत येणार नाही.

बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडू नका. तुमचीही कार्डं मी पाहिली आहेत.

गेल्या आठवड्यात तुम्हाला कापसाच्या वावरात पाठवलं होतं. मार्गशीर्षातली फुटलेली पऱ्हाटी, डोळे दिपतील एवढं पांढरं. आणि तुम्ही आणलं काय? मळकट, करडं वावर. गुऱ्हाळाकडे बांधलेल्या म्हशीचा फोटो आणलात, तीही करडी. दोन वर्षं मी हेच शिकवतो आहे. मीटर उजेड मोजतं, वस्तू ओळखत नाही. समोर जे काही आहे त्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणायची, साधारण १८ टक्के उजेड परतवणाऱ्या राखाडीवर, एवढंच त्याला ठाऊक. पांढऱ्याने चौकट भरली तर ते अंधारं करतं, काळ्याने भरली तर उजळतं. १९८३ साली निकॉनने एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे पाच तुकडे करून वेगवेगळे मोजायला सुरुवात केली. तेव्हापासून यंत्रं हुशार होत गेली, आज ती चेहरेही शोधतात. पण शोधलेला चेहरा वेचणी करून तापलेल्या सावळ्या बाईचा आहे की पावडर लावलेल्या नवरदेवाचा, आणि तो किती उजळ असायला हवा, हे ती तुम्हाला विचारत नाहीत. आपलं ठरवून मोकळी होतात.

कापसाच्या वावरात मीटर सांगेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त उजेड द्यायचा. काळ्या म्हशीला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड. याहून सोपं हवं असेल तर तळहात पुढे करा. हं, आता करा, सगळ्यांनी. माणूस काळा असो, गोरा असो, तळहात साधारण सारखाच उजळ असतो, मधल्या राखाडीपेक्षा सुमारे एक स्टॉप जास्त. ज्या उन्हात तुमचा विषय उभा आहे त्याच उन्हात तळहात धरा, चौकट त्याने भरा, मीटर वाचा, त्यावर एक स्टॉप वाढवा आणि तो आकडा लावून ठेवा. मग समोर कापूस येवो की म्हैस, आकडा तोच राहील, कापूस पांढराच येईल आणि म्हैस काळीच. उजेड बदलेपर्यंत त्याला हात लावायचं कारण नाही. हे साधन तुमच्या मनगटाला जन्मापासून जोडलेलं आहे आणि तुम्ही नव्या लेन्सच्या किमती पाहत बसता.

मंगल कार्यालयातल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले, त्यावर एकाने कॅमेरा खराब झाल्याची तक्रार केली होती. कॅमेरा धडधाकट आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी माळा त्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. स्टेज झगमगीत म्हणून ऑटोने शटर १/५०० वर नेलं आणि प्रत्येक फोटोत त्या लुकलुकीचा एकेक तुकडा पट्टा होऊन उमटला. अशा ठिकाणी शटर १/१०० वर किंवा १/५० वर बांधायचं. व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर १/५०. कार्यालयात पाऊल ठेवलं की आधी दिव्यांकडे पाहायचं असं मी सांगतो तेव्हा तुम्ही जेवणाच्या पंगतीकडे पाहता.

फ्लॅशचंही तेच. अंधार दिसला की ऑटो फ्लॅश पेटवतो. समईच्या उजेडात नवरी बसली होती, त्या उजेडाचा फोटो काढायचा होता, आणि तुम्ही तो उजेडच मारून टाकलात. घरच्यांच्या मोठ्या फोटोत पुढच्या रांगेतल्या पोरांचे चेहरे जळाले आणि मागच्या रांगेतली आजी काळोखात गेली. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो, हे फळ्यावर लिहिलेलं होतं, ते तुम्ही वहीत उतरवूनही घेतलं. पुढची रांग २ मीटरवर, आजी ४ मीटरवर. आजीला चौथाई. त्या घरात तिचा दुसरा फोटो असेलच असं नाही. तुमच्या आजीचे किती आहेत ते घरी गेल्यावर शोधा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त दुखवलं ते. त्याच आजीचा एक जवळून काढलेला फोटो मोबाइलवर होता. त्या मोबाइलचं 'ब्यूटी' आपोआप चालू. सुरकुत्या गेल्या, रंग दोन हात उजळला, इतपत आजकाल सगळेच करतात म्हणून तुम्ही मोकळे होता. पण तिच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही पुसलं गेलं. यंत्राला ते डाग वाटलं. त्या बाईच्या पिढीने सोनं नसलं तरी मरताना सोबत येईल म्हणून अंगावर काढून घेतलेली ती रेघ, आणि ती तुमच्या हातून गेली, तुमच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही ते मुद्दाम पुसलं असतं तर मी निदान कारण तरी विचारलं असतं.

कोणत्याही ऑटोच्या मागे कोणीतरी आधी घेतलेला निर्णय असतो, आणि तो निर्णय तुमच्या गावाकडे पाहून घेतलेला नसतो. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर, असा हिशोब. कित्येक वर्षं जगभरच्या सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशोबात बसवले गेले आणि फोटोत नुसते डोळे आणि दात उरले. आज कार्ड नाही, मोबाइलच्या आत बसलेला ठोकताळा आहे. वऱ्हाडातल्या उन्हात राबलेल्या माणसाचा रंग कोणता, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर दुसरं कोणी तुमच्यासाठी ठरवून ठेवलेलंच आहे.

तिकडे मागच्या बाकावर दोघांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं आहे. तुम्ही 'एम'वर, म्हणजे सगळं हाताने लावून, काढता म्हणून. उभे राहा. तुमचे नरनाळा किल्ल्यावरचे फोटो मी पाहिले. महाकाली दरवाजा, १४८७ सालचा, फिकट दगडावरचं ते कोरीव काम, आणि कमानीच्या अंधारात उभं केलेलं जोडपं. तुम्ही डायल एमवर ठेवला, हे खरं. मग केलंत काय? आतला काटा मधोमध येईपर्यंत चाक फिरवलं आणि बटण दाबलं. कमानीच्या अंधाराने मीटरला फसवलं, दरवाजाचा दगड उडून कोरा पांढरा झाला, एक वेलबुट्टी शिल्लक नाही. ऑटोने नेमकं हेच केलं असतं, तुमच्याआधी केलं असतं आणि बोटंही दुखली नसती. काट्याचं ऐकायचंच असेल तर एमचा मोठेपणा कशाला? तुम्ही तर ऑटोवाल्यांपेक्षा वाईट, कारण त्यांना निदान ठाऊक आहे की आपण काही ठरवलं नाही.

तुम्हाला आधी ठरवायचं होतं की फोटो कशाचा आहे. दरवाजाचा असेल तर उन्हातल्या दगडावर मोजायचं, जोडपं कमानीत काळ्या आकृतीसारखं उभं राहू द्यायचं, तेही देखणं दिसतं. जोडप्याचा असेल तर त्यांना दोन पावलं पुढे, उजेडाच्या काठावर आणायचं. दोन्ही हवं असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन कललं की यायचं. काटा यातलं काहीच सांगत नाही.

नारायण विनायक विरकर हे नाव मी या वर्गात किती वेळा घेतलं? मुंबईचे मराठी छायाचित्रकार, टिळकांचे फोटो काढणारे. १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या गोळ्यांच्या खुणा पडलेल्या भिंती त्यांनी टिपल्या. आज दोन हजार फोटो काढून त्यातले दोनशे निवडायची जी चैन तुमच्याकडे आहे ती त्या काळात कोणाकडे नव्हती. प्लेट मोजक्या, मागच्या बाजूला फोटो दाखवणारा पडदा नाही. पाहायचं आधी, बटण नंतर.

अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून गाडीने जात होता. मावळतीचं ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर, वर उगवलेला चंद्र. गाडी थांबवली, कॅमेरा उभा केला आणि मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, चौरस फुटाला २५० कॅन्डल. त्यावरून त्याने डोक्यातल्या डोक्यात हिशोब मांडला आणि एक फोटो काढला. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. तो फोटो पुढे जगभर गेला. त्याला मीटर नको होतं असं नाही, गाडीत तो तेच शोधत होता. पण ते नसल्यामुळे त्याचं अडलं नाही.

आणि फार लांब कशाला जाता? सुधारक ओलवे आपल्या अकोल्यात जन्मले. मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो त्यांनी काढले, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो समोर घेऊन बसा आणि पाहा, त्यांत अंधार कुठे कुठे अंधारच राहू दिला आहे. सगळं सारखं उजळून टाकलं असतं तर त्या माणसांच्या कामाची जागा फोटोतून नाहीशी झाली असती.

माझं म्हणणं उलटं धरून घरी जाऊ नका. ऑटोफोकस लावा, खुशाल लावा. वरातीत उजेड दर पावलाला बदलतो, तिथे अॅपर्चर तुम्ही धरा, शटर कॅमेऱ्याला धरू द्या, आणि दिव्यांची रांग समोर आली की एक्स्पोजरच्या भरपाईचं चाक हाताने फिरवा. वान अभयारण्याच्या कडेला अस्वल आडवं आलं तर तिथे तळहात मोजत बसायचं नाही. शटर १/१००० बांधून ठेवलेलं असावं आणि आयएसओ कॅमेऱ्याने सांभाळावा. काय कॅमेऱ्याला द्यायचं आणि काय स्वतःकडे ठेवायचं हे तुम्ही ठरवलं असेल तर माझी काही हरकत नाही. उलट परवा बोंडअळीचे फोटो काढायला पाठवलं तेव्हा ऑटोफोकस प्रत्येक वेळी मागच्या पानावर जाऊन बसला, आणि तुमच्यातल्या एकीनेच फोकस हाताने धरला, कॅमेरा मागेपुढे करून अळीचा गुलाबी पट्टा धारदार आणला. त्या फोटोवर मी वहीत काय लिहिलं ते तिला विचारा.

"सर, वेळ नसतो." "सर, गिऱ्हाइकाला कुठं समजते?" ही दोन वाक्यं यापुढे या खोलीत ऐकू येता कामा नयेत. वेळ नसतो कारण सराव नसतो. तारा जोडणारा वायरमन चिमटा न पाहता उचलतो, तसं तीन चाकं अंधारात बोटाने ओळखता आली पाहिजेत, आणि ती ओळख लग्नाच्या मांडवात करून घ्यायची नसते, घरी रिकाम्या वेळी करून घ्यायची असते. आणि गिऱ्हाइकाला कळत नाही? ज्याने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नाही त्याने अल्बम उघडल्याबरोबर बरोबर त्याच पानावर बोट ठेवलं. त्याला केल्विन माहीत नाही, त्याची लेक माहीत आहे. तुम्हाला दोन्ही माहीत असायला हवं, त्याचेच तर पैसे घेता.

आता लिहून घ्या. रविवारी सकाळी ८ वाजता सगळ्यांनी बेलखेडच्या रस्त्याला, गेल्या वेळच्याच वावरात. येताना डायल एमवर, व्हाइट बॅलन्स हाताने, फाइल रॉ, मागच्या पडद्यावर कागद चिकटवलेला. एका चौकटीत तीन गोष्टी हव्या आहेत: फुटलेलं बोंड, काळी माती आणि वेचणाऱ्या बाईचा हात. तिला आधी विचारायचं, ती नाही म्हणाली तर दुसरीकडे जायचं, वेचणीत आडवं यायचं नाही. तिन्हींचाही रंग तिथे दिसतो तसाच यायला हवा. प्रत्येकी दहाच फोटो. बटण दाबण्याआधी वहीत लिहायचं की फोटो कशाचा आहे, उजेड कुठून येतो आहे, तळहातावर किती आला आणि तुम्ही किती लावला. फोटो नंतर काढायचा. वहीशिवाय आलेल्याचे फोटो मी पाहणार नाही.